खोल समुद्रातली विहीर की गावातला सौर फीडर : पेट्रोलच्या भावाचे गणित, नाशिककरांसाठी

मार्च २०२५ मध्ये संसदेने तेलक्षेत्रांबाबतचा १९४८ सालचा कायदा दुरुस्त केला. तेल शोधायला येणाऱ्या खासगी आणि परदेशी कंपन्यांना लांब मुदतीचे, स्थिर अटींचे करार मिळावेत, हा त्यामागचा हेतू. त्याच वर्षी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून खोल समुद्रात तेल आणि वायू शोधण्याच्या राष्ट्रीय मोहिमेची घोषणा झाली. तेव्हापासून पंपावर, एसटीत, बाजार समितीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "आपलंच तेल निघालं की पेट्रोल स्वस्त होईल."

असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तसे होणार नाही. का होणार नाही, आणि पेट्रोल-डिझेलचा बोजा खरोखर कमी करायचा तर आपल्या खासदार-आमदारांकडे काय मागायला हवे, हे या लेखात पायरी-पायरीने पाहू. माझे मत आधीच सांगतो. नव्या विहिरींच्या मागे सरकारी पैसा, सवलती आणि संसदेचा वेळ घालण्यापेक्षा तोच जोर स्वच्छ विजेमागे लावायला हवा. आज चालू असलेल्या तेलविहिरी उद्या बंद करा, असे मी म्हणत नाही. प्रश्न पुढच्या रुपयाचा आहे, तो कुठे घालायचा याचा.

पंपावरचे तेल येते कुठून?

नाशिक जिल्ह्याचे उत्तर मनमाडजवळच्या पानेवाडीत आहे. मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून जमिनीखालच्या पाइपलाइनने पेट्रोल-डिझेल मनमाडच्या डेपोत येते आणि तिथून टँकर भरून जिल्ह्यात आणि उत्तर महाराष्ट्रभर जातात. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रक-टँकर चालकांनी नव्या हिट अँड रन तरतुदीविरोधात संप केला, पानेवाडीचे टँकर थांबले आणि नाशिक शहरातल्या पंपांवर काही तासांत रांगा लागल्या. आपले रोजचे आयुष्य या एका धाग्यावर किती लटकलेले आहे, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

तो धागा पुढे मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तिथून इराक, रशिया, सौदी अरेबियापर्यंत जातो. जमिनीतून निघालेल्या, शुद्ध न केलेल्या तेलाला क्रूड म्हणतात. ते बॅरलमध्ये मोजतात आणि एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक क्रूड आयात करतो. २०२३-२४ मध्ये देशाने सुमारे २३ कोटी टन पेट्रोलियम पदार्थ वापरले, त्यातले जवळपास ९ कोटी टन एकटे डिझेल. आणि आपल्या स्वतःच्या विहिरींतून निघालेले क्रूड? तीन कोटी टनांच्या आत. २०११-१२ मध्ये हाच आकडा ३.८ कोटी टनांच्या आसपास होता. म्हणजे वापर वाढत गेला आणि घरचे तेल आटत गेले. यावरून "मग आणखी खोदा" असे सुचणे साहजिक आहे. त्या सूचनेत दोन अडचणी आहेत, एक भावाची आणि दुसरी विहिरीच्या स्वभावाची.

घरचे तेल घरच्या भावाने का मिळत नाही?

लासलगावच्या बाजारात विंचूरचा कांदा आला, तो शेजारच्या गावचा आहे म्हणून लासलगावच्या माणसाला कुणी स्वस्त देत नाही. भाव ठरतो दिल्ली, कोलकाता, दुबई, कोलंबोच्या मागणीवर, आणि शेतकऱ्यालाही त्याच भावाने विकायचा असतो. क्रूडचे नेमके तसेच आहे. मुंबईपासून दीडशे किलोमीटरवर समुद्रात निघालेले तेल जागतिक भावानेच शुद्धीकरण कारखान्याला विकले जाते. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर देशात निघालेले क्रूड कुणाला विकायचे हे ठरवायची मोकळीकही कंपन्यांना मिळाली आहे.

याचा ढळढळीत पुरावा २०२२ सालीच मिळाला. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर मार्चमध्ये क्रूड १२० डॉलरच्या वर गेले. आपल्याच समुद्रातले आणि आपल्याच राजस्थान-आसामातले तेलही त्या चढ्या भावाने विकले जाऊ लागले आणि कंपन्यांना न कमावलेला नफा होऊ लागला. तेव्हा केंद्र सरकारला जुलै २०२२ मध्ये देशी क्रूडवर खास नफाकर बसवावा लागला. तो डिसेंबर २०२४ मध्ये उठवला. घरचे तेल घरच्या भावाने मिळत असते, तर हा कर बसवायची वेळच आली नसती.

देशी तेलाचा फायदा शून्य आहे असे नाही. परकीय चलन वाचते, सरकारला रॉयल्टी मिळते, अभियंत्यांना काम मिळते. पण हे फायदे सरकारी तिजोरीचे आणि कंपनीचे झाले. ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरणाऱ्याच्या खिशाला त्यातून काही मिळत नाही.

बरे, परकीय चलन तरी किती वाचेल? समजा खोल समुद्रात चांगले यश आले आणि वर्षाला एक कोटी टन जास्तीचे क्रूड निघू लागले. यश म्हणून ते फार मोठे असेल. तरीही आजच्या वापराच्या चार टक्क्यांहून थोडेसेच जास्त. देशाचा वापर ज्या गतीने वाढतो आहे, ते पाहता एक-दोन वर्षांची वाढच ते गिळून टाकील.

विहीर आटते, आणि नवी यायला वेळ लागतो

मुंबई हायचा शोध फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खोदणाऱ्या फलाटाने लावला आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. ऐंशीच्या दशकात त्या एका क्षेत्राने देशाला मोठा हात दिला, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि राहील. पण तेलाचा साठा म्हणजे खडकाच्या छिद्रांत दाबाखाली अडकलेले तेल. ते जसजसे काढाल तसतसा दाब उतरतो, तेलाबरोबर पाणी जास्त येऊ लागते, मग तेल वर ढकलायला खाली पाणी किंवा वायू सोडावा लागतो. दरवर्षी खर्च वाढतो आणि तेल घटते. आज मुंबई हायचे उत्पादन ऐन भरातल्या काळाच्या निम्म्याहूनही कमी आहे. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने हे जुने क्षेत्र सुधारण्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक मदत घेतली. तो मार्ग मला समजतो. तिथे पाइप, फलाट, माणसे सगळे आधीच आहे.

नव्या खोल समुद्राची गोष्ट वेगळी. आंध्रच्या किनाऱ्याजवळ कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या ओएनजीसीच्या खोल समुद्रातल्या प्रकल्पातून पहिले तेल जानेवारी २०२४ मध्ये बाहेर आले. शोध लागल्यापासून त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. त्याच खोऱ्यातल्या खासगी डी-६ क्षेत्रातून २००९ मध्ये वायू सुरू झाला, दुसऱ्या वर्षी दिवसाला सुमारे सहा कोटी घनमीटरवर गेला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत पाव हिश्शावर आला. त्या वायूच्या भरवशावर देशात वीजकेंद्रे उभी राहिली होती. ती गॅसविना बसून राहिली आणि बँकांची कर्जे थकली.

ही गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघते, म्हणून सांगतो : तिच्या मुखाशी समुद्राच्या तळात जे घडले, त्याचा धडा तिच्या उगमाशी बसलेल्या आपल्यालाही लागू आहे. आज खोल समुद्रात मोहीम सुरू केली, तर तेल हाती येईपर्यंत २०३५ उजाडेल, कदाचित पुढेच. तोवर जगात तेलाची मागणी किती उरलेली असेल, यावर तो पैसा वसूल होणे अवलंबून. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत भारतासह सगळ्या देशांनी खनिज इंधनांपासून दूर जाण्याच्या ठरावाला मान्यता दिली आहे.

चुकीच्या वेळी उभा राहिलेला प्रकल्प कसा दिसतो, हे पाहायला समुद्रात जायची गरज नाही. सिन्नरजवळ १,३५० मेगावॉटचे कोळशावरचे वीजकेंद्र पूर्ण बांधून झाले आणि वीज विकत घ्यायचा करारच नसल्याने वर्षानुवर्षे नुसते उभे राहिले. चिमण्या महामार्गावरून दिसतात. त्यात अडकलेली कर्जे शेवटी बँकांची, म्हणजे ठेवीदारांची आणि करदात्यांचीच होती.

तेल गाडीला लागते, सौर पॅनेल वीज देते. मग दोन्हींचा संबंध काय?

हा आक्षेप अगदी रास्त आहे आणि स्वच्छ ऊर्जेची बाजू मांडणारे बरेच जण तो टाळतात. भारतात तेल जाळून वीज जवळजवळ बनतच नाही, जनरेटर सोडले तर. म्हणजे नुसते पॅनेल बसवून तेलाची आयात कमी होत नाही. ती कमी होते तेव्हा, जेव्हा तेलावर चालणारे यंत्र विजेवर येते.

हे काम आपल्याकडे एकाने करून दाखवले आहे : रेल्वेने. कसारा घाट चढून इगतपुरीपर्यंत विजेवरच्या गाड्या १९३० मध्येच आल्या. आता देशातल्या ब्रॉडगेज मार्गांपैकी जवळपास सगळे मार्ग विद्युतीकृत झाले आहेत आणि एकेकाळी डिझेल रिचवणारी रेल्वे त्यातून बाहेर पडते आहे. या बदलात नाशिकरोडचा वाटा मोठा आहे. विजेच्या इंजिनांच्या मोटारी दुरुस्त करणारा रेल्वेचा कारखाना इथे आहे आणि रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना शिकवणारी संस्थाही इथेच आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत स्विचगिअर आणि वीजवितरणाची यंत्रे बनतात. विजेचे युग आले तर काम मिळणाऱ्या गावांत नाशिक वरच्या रांगेत असेल. तेलाच्या विहिरी काही गोदाकाठी निघणार नाहीत.

आता थोडे गणित करू. युनिट म्हणजे एक किलोवॉट तास वीज, तेच जे बिलावर छापलेले असते. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प साधारण चार एकरांवर बसतो आणि वर्षाला १५ लाखांच्या आसपास युनिट देतो. वाटेतली गळती १५ टक्के धरली तर पावणेतेरा लाख युनिट उरतात. विजेवरच्या स्कूटरला १०० किलोमीटरला, चार्जिंगमधले नुकसान धरून, साडेतीन युनिट लागतात. म्हणजे या चार एकरांतून वर्षाला सुमारे ३ कोटी ६० लाख किलोमीटर स्कूटर चालते. पेट्रोलच्या स्कूटरला लिटरमागे ४५ किलोमीटर धरा. तेवढ्याच अंतराला आठ लाख लिटर पेट्रोल लागले असते. वीस हजार लिटरचे चाळीस टँकर. एका वर्षाचे. पॅनेल पंचवीस वर्षे चालते.

एवढा फरक पडतो, कारण पेट्रोलच्या इंजिनात जळलेल्या इंधनाच्या साधारण पाव हिश्शाचीच गती होते, बाकीची उष्णता होऊन उडून जाते. विजेच्या मोटारीत तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा चाकापर्यंत पोचते. खिशाचा हिशेबही याच्याच जोडीला : १०० किलोमीटरला सव्वादोन लिटर पेट्रोल, लिटर शंभरीच्या पुढे. साडेतीन युनिटांचे बिल दहा रुपये दराने पस्तीस रुपये.

ती वीज तर एकलहऱ्याच्या कोळशाचीच ना?

आज बऱ्याच अंशी, हो. जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांचा झाला, आणि २०३० साठी ठरवलेला टप्पा पाच वर्षे आधी गाठला गेला. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष तयार झालेली वीज नव्हे. सूर्य दिवसाच असतो, वारा कधी पडतो, त्यामुळे प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजूनही खूप मोठा आहे.

तरीसुद्धा आजच्या, बहुतांशी कोळशाच्या विजेवर चार्ज केलेली स्कूटर पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा कमी कार्बन सोडते. एक लिटर पेट्रोल जळले की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १०० किलोमीटरला पाच किलोच्या वर. आपल्या ग्रीडच्या (सगळ्या वीजकेंद्रांना जोडणाऱ्या जाळ्याच्या) एका युनिटमागे सरासरी पाऊण किलोच्या आत-बाहेर. साडेतीन युनिटांचे अडीच किलो झाले. निम्मेच! आणि ग्रीडमध्ये सौर वाढेल तशी तीच स्कूटर, काहीही न बदलता, दरवर्षी आणखी स्वच्छ होत जाईल. पेट्रोलचे इंजिन जुने होताना उलट जास्त धूर काढते.

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्राबद्दल इथेच बोलायला हवे, कारण तिथे हजारो कुटुंबांचे पोट आहे. तिथले पहिले दोन संच केव्हाच बंद झाले. २१० मेगावॉटचे तीन उरलेत आणि त्यांनीही चाळिशी ओलांडली आहे. नव्या ६६० मेगावॉटच्या संचाची मागणी तिथले लोक बरीच वर्षे करत आहेत, आणि त्यामागची भीती खरी आहे. केंद्र बंद झाले तर वसाहत, दुकाने, शाळा, सगळेच बसेल. माझे म्हणणे असे, की एकलहऱ्याची खरी मालमत्ता चिमण्यांत नाही. तिथून राज्याच्या ग्रीडला जोडणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या आहेत, उपकेंद्र आहे, मोकळी जागा आहे आणि यंत्र सांभाळणारी माणसे आहेत. मोठा बॅटरी साठा उभारायला नेमके हेच लागते. तो तिथे आणा, आणि आजच्या कामगारांना त्यासाठी आतापासून शिकवा. लोकप्रतिनिधींनी ही मागणी मांडली तर नोकरी आणि स्वच्छ हवा यांत एक निवडायची वेळ एकलहऱ्यावर येणार नाही.

रात्री सूर्य नसतो, त्याचे काय?

आधी रात्रीच्या लाईटचे सांगतो. शेतीच्या फीडरला (फीडर म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे निघणारी विजेची वाहिनी) थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते. निफाड, दिंडोरी, सिन्नरमध्ये ज्यांनी जानेवारीत कांद्याला रात्री पाणी भरले आहे, त्यांना हे नवे सांगायला नको. अकरा वाजता लाईट येते. माणूस बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, स्टार्टर दाबतो, मग वाफ्यामागून वाफ्याची दारं धरत पहाटेपर्यंत ओल्यात उभा राहतो. शेजारी उसाचे रान, रानात बिबट्या. सोबत न्यायला घरातले पोर उठवावे लागते, आणि त्या पोराची सकाळी शाळा असते. लाईट मध्येच गेली तर परत यायची वाट बघत बांधावर बसायचे.

याला सूर्यच उत्तर आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर दिवसा चालवायचे ठरले आहे. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि राज्यासाठीचे लक्ष्य पुढे १६ हजार मेगावॉटपर्यंत वाढवले गेले. येवल्याला लागून असलेल्या वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरूही झाला. ही वीज सुमारे तीन रुपये युनिटने पडते. शेतीला दिवसा वीज मिळाली की रात्रीची मागणीही तेवढी उतरते, म्हणजे रात्रीसाठी कमी कोळसा लागतो. ऊर्जेच्या चर्चेत ही गोष्ट क्वचितच येते, आणि माझ्या मते महाराष्ट्रातल्या स्वच्छ ऊर्जेचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

उरलेल्या रात्रीसाठी साठवण हवी. तिचे एक जुने, खात्रीचे रूप आपल्या शेजारी अकोले तालुक्यात घाटघरला २००८ पासून चालू आहे. जास्तीची वीज असेल तेव्हा खालच्या धरणातले पाणी पंपाने वर चढवायचे, गरज पडेल तेव्हा तेच कड्यावरून खाली सोडून वीज बनवायची. क्षमता २५० मेगावॉट. सह्याद्रीची उंची आणि कोकणातला उतार हा आपल्याला मिळालेला साठा आहे. मात्र नव्या प्रकल्पात आदिवासी पाड्यांची जमीन आणि जंगल जाणार असेल, तर ग्रामसभेला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. 'स्वच्छ' ऊर्जेने कुणाच्या घरावर नांगर फिरवला, तर तिला स्वच्छ म्हणता येणार नाही.

अरबांकडून सुटून चीनच्या दावणीला?

सौर पॅनेलच्या जागतिक साखळीत चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे. बॅटरीचेही तसेच. ही चिंता खोटी नाही. पण दोन्ही अवलंबनांत मोठा फरक आहे. क्रूडचा पुरवठा थांबला तर काही आठवड्यांत गाड्या थांबतात, कारण तेल रोज जाळावे लागते. पॅनेलची आयात उद्या बंद झाली तर नवे बसणार नाहीत, बसलेले मात्र पंचवीस वर्षे वीज देत राहतील. सूर्यावर कुणी निर्बंध लादू शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाचे तेल घेतल्याचे कारण देऊन अमेरिकेने आपल्या मालावर जादा २५ टक्के शुल्क लावले होते. तेलाची तहान परराष्ट्र धोरणालाही कशी बांधून ठेवते, ते त्यात दिसले.

शिवाय देशात पॅनेल जोडण्याची क्षमता २०२५ मध्ये वर्षाला १०० गिगावॉटवर, म्हणजे एक लाख मेगावॉटवर, गेली आहे. कच्चा माल आणि वेफर (पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या पातळ चकत्या) अजून बाहेरून येतात, तिथे काम बाकी आहे. तेलाबाबत तसे काम करायला वावच नाही. खडकात तेल नसेल तर कुठल्याही कारखान्यात ते बनत नाही.

खोदण्याची किंमत कुणी मोजली?

आसाममधल्या बागजानला मे २०२० मध्ये एका वायूविहिरीचा स्फोट झाला. जूनमध्ये आग लागली, दोन अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले आणि विहीर पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. हजारो लोकांना घरे सोडावी लागली. शेजारी मागुरी-मोटापुंग हे पक्ष्यांचे पाणथळ क्षेत्र होते. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या नांदूरमध्यमेश्वरला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिला. हिवाळ्यात तिथे चापडगावच्या मनोऱ्यावरून पाण्यावर उतरणारे थवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मागुरीत काय गेले ते समजेल.

दुसरी किंमत आपल्याच दारात आहे. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड परिसरात गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या. एखाद्या गारपिटीवर बोट ठेवून "ही तेलाने आणली" असे विज्ञान म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण बेभरवशाच्या हवेचा धोका वाढत चालला आहे आणि एकरी लाखो रुपये घालून बाग उभी करणारा माणूस तो सर्वांत आधी सोसतो, हे सांगायला वेधशाळेची गरज नाही.

मग सरकारे अजून तेलाच्याच बाजूने का झुकतात?

एक कारण उघडपणे बोलले जात नाही. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाहीत. केंद्राचा उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट हे दोन्ही सरकारांचे हमखास उत्पन्न आहे. लोक विजेवर गेले की हे उत्पन्न घटत जाईल. त्यावर उत्तर शोधावे लागेल आणि बदल वीस-पंचवीस वर्षे चालणार असल्याने शोधायला वेळही आहे. पण हा प्रश्न विधानसभेत मोकळेपणाने मांडला गेला पाहिजे. त्याच्या भीतीने धोरण मागे ओढले जाऊ नये.

लोकप्रतिनिधींकडे नेमके काय मागायचे?

राज्यघटनेनुसार तेलक्षेत्रे हा केंद्राचा विषय आहे आणि वीज केंद्र-राज्य दोघांचा. त्यामुळे कुणाकडे काय मागायचे, ते वेगळे आहे. नाशिक, दिंडोरी आणि मालेगाव-बागलाणसाठी धुळे मतदारसंघाच्या खासदारांना विचारायचे ते हे : खोल समुद्रातल्या शोधमोहिमेवर किती सरकारी पैसा आणि करसवलत जाणार आहे, आणि तितक्याच पैशात वीजसाठवण आणि वाहिन्या किती उभ्या राहिल्या असत्या, याची तुलना संसदेत मागाल का? दुसरे, विजेवरच्या वाहनांसाठीची केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना दुचाकी, तीनचाकी, बस आणि साडेतीन टनांवरच्या ट्रकांसाठी आखली गेली. शेतकऱ्याचा टोमॅटो-कांदा वाहणारी छोटी पिकअप तिच्यात बसत नाही. ट्रॅक्टरही नाही. जिल्ह्यातले डिझेल सगळ्यात जास्त जिथे जळते, तिथेच योजना पोचत नसेल तर ती वाढवायला लावणे हे आपल्या खासदारांचे काम आहे.

आमदारांकडची मागणी आणखी जवळची. पिंपळगाव, लासलगाव, नाशिकच्या बाजार समित्यांत लिलावाची वाट पाहत पिकअप तासन्‌तास रांगेत उभ्या असतात. चार्जिंगला यापेक्षा सोयीची जागा आणि वेळ कुठली? लिलावाच्या शेडवर पॅनेल आणि रांगेत चार्जर, एवढे एका समितीने करून दाखवले तर बाकीच्यांना सांगावे लागणार नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी ज्या बस घेतल्या जातील, त्या विजेवरच्या असाव्यात, कारण भाविक गेल्यावरही पुढची दहा-बारा वर्षे त्याच बस शहरात धावणार आहेत.

आणि फीडर. प्रत्येक तालुक्यात कोणत्या उपकेंद्राचा सौर प्रकल्प कुठे अडला आहे, जमिनीवर, वाहिनीवर की ठेकेदारावर, याची यादी आमदारांनी महावितरणकडून घेऊन गावात लावावी, अशी लेखी मागणी करा. ग्रामसभेचा ठराव जोडलात तर पत्राला वजन येते. ठरावाआधी गावकऱ्यांना दोन गोष्टी जरूर सांगा : या योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरवर्षी त्यात तीन टक्के वाढ आहे, आणि प्रकल्प झालेल्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाखांचे अनुदान मिळते. गायरान द्यायचे ठरत असेल तर गुरे चारणाऱ्यांना त्या सभेत आवर्जून बोलवा, त्यांच्यासाठी चराईची जागा ठरावातच लिहून घ्या, आणि ठरावाची एक प्रत आमदारांबरोबर खासदारांनाही पाठवा.